ताईचं घर, गट क

इस्पितळाच्या धुलाईखात्याच्या प्रमुख बाईंना सगळे कडकबाई म्हणत. एक चादर घरी नेली म्हणून सख्ख्या दिराची तक्रार वर नेणारी बाई ती! कामगारांनी तिला पेन्शन फंडाच्या मंडळावर निवडून दिलं नसतं तरच नवल. पण मंडळाच्या बैठकीत कडकबाईंची दातखीळ बसायची.

हजारो लोकांच्या म्हातारपणाचा पैसा. गुंतवणूक अधिकारी सांगायचे, सगळा एका ठिकाणी ठेवायचा नसतो. थोडा सरकारी रोख्यांत, थोडा कंपन्यांच्या शेअरमध्ये, थोडा इमारतींत. एक बुडालं तर दुसरं तारेल. इथवर बाईंना पटायचं. पुढे आलेख सुरू झाले की त्यांचं लक्ष चहाच्या ट्रेकडे जायचं, आणि बाकीच्यांचे हात वर गेले की त्यांचाही जायचा. गेल्या वर्षी ‘निवासी मालमत्ता, गट क’ विकत घ्यायच्या ठरावाला तो असाच गेला होता.

यंदा ताई नोटीस घेऊन आली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्याच इस्पितळातली निवृत्त आया. भाड्याच्या दोन खोल्यांत तीस वर्षं एकटी राहिलेली. तीन महिन्यांत घर रिकामं करा, दुरुस्तीनंतर भाडं तिप्पट. खाली कुठल्याशा कंपनीचा शिक्का.

“मालक कोण आहे ते बघतेच मी,” कडकबाई कडाडल्या. “उभा-आडवा घेते त्याला!”

चार दिवस त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. पाचव्या दिवशी पुढच्या बैठकीचे कागद घरी आले. पान चाळीस: गट क रिकामा करून नूतनीकरण करण्याचा ठराव; फंडाच्या देखभाल कंपनीने नोटिसा आधीच दिल्या आहेत, मंजुरी बाकी. खाली इमारतींचे पत्ते. तिसरा ताईचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आता उभं-आडवं घ्यायचं कुणाला? ताईची पेन्शनही याच फंडातून यायची. म्हणजे ताईला बाहेर काढून जे भाडं वाढेल, त्यातून ताईचीच पेन्शन निघणार? बाईंनी पान चाळीस चार वेळा वाचलं. दर वेळी डोकं जास्तच भणभणलं.

ताईचा काही गोंधळ नव्हता. “मंडळावरच्या पाचांत तू एक ना? नको म्हणून सांग आणि मोकळी हो.”

“नातं असलं तर आधी सांगावं लागतं गं. मंडळावर येताना तशी सही केलीय मी.”

“मी तुझी कोण, हे त्यांना सांगायला कोण चाललंय?”

बैठकीच्या दारात मंडळावरच्या नर्सनं बाईंना कोपऱ्यात घेतलं. “मी आणि इलेक्ट्रिशियन विरोधात. अध्यक्ष आणि हिशेबनीस बाजूने. सगळं तुमच्यावर आहे.”

ठराव वाचून झाला. बाईंचा हात आधीच वर गेला.

“अजून मतदान सुरू नाही झालं, बाई.”

“माझी सख्खी बहीण राहते तिथं,” बाई म्हणाल्या. बोलल्या आणि त्यांना वाटलं, हे कोण बोललं?

सुंठीवाचून खोकला गेल्यासारखे अध्यक्ष खुलले. “प्रामाणिकपणाबद्दल आभार. आता तुम्हाला बाहेर बसावं लागेल.”

“आणि माझं मत?”

“हितसंबंध असला की मत नाही.”

“मग तुमच्या सगळ्यांच्या पेन्शनी यातूनच निघणार, तो हितसंबंध नाही होय?”

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक चाळलं. “तो सगळ्यांचाच असतो. म्हणून धरत नाहीत.”

बाई बाहेर बाकावर बसल्या. खरं बोललं की मत जातं आणि गप्प बसलं की राहतं, हा कसला नियम? आत मतं दोन विरुद्ध दोन झाली आणि बरोबरी फोडायच्या अध्यक्षांच्या जादा मतानं ठराव पास झाला.

ताई कपाट रिकामं करत होती. बाईंनी सगळं सांगितलं. ताईनं कपाटातून एक चादर ओढली.

“तुला कडक का म्हणतात ते आज कळलं,” ती म्हणाली, आणि चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. चादरी मोठ्या होत्या, एकटीला घडी जमत नव्हती.

दोघी चादर झटकून एकमेकींपाशी आल्या. ताईनं टोकं परत घेतली.

“गप्प बसली असतीस तर झोप लागली असती तुला?”

“नसती.”

“आणि आता लागेल?”

“नाही गं ताई.”

“मग काय मिळवलंस?” ताईनं विचारलं आणि दुसरी चादर पुढे केली.