पोट दाबा, मी बोलतो

मी पाणघोडा बोलतोय. हो हो, कापडाचाच! खरे पाणघोडे चिखलात लोळतात नि घोरतात. बोलायचं काम आमच्याकडे. माझं पोट दाबलं की मी सुरू. थांबवायची सोय मात्र कुणी केलेली नाही, तेव्हा आता ऐकाच.

माझा जन्म खेळण्यांच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर नमुने बनवतात त्या खोलीत झाला. मी नमुना क्रमांक सात. आधीचे सहाच्या सहा नापास होऊन उसवले गेले. त्यांचं पुढे काय झालं म्हणता? त्यांचाच कापूस माझ्या पोटात आहे! म्हणजे जन्मतःच माझ्या पोटात गोळा, तोही नापास झालेला.

नापास कोण करायचं? मालकांची साडेतीन वर्षांची नात. सगळे तिला ‘परीक्षकबाई’ म्हणायचे. खेळणं घ्यायचं, एकदा दाबायचं, ऐकायचं आणि कोपऱ्यात भिरकावायचं, एवढाच तिचा कार्यक्रम. हसणं तर दूरच राहिलं. मालकांनी डिझायनर ताईला बजावलं होतं, “हा शेवटचा. हाही भिरकावला तर बोलकी खेळणी बंद. मुकी अस्वलं काढू.”

ताईच्या तोंडचं पाणीच पळालं. अहो, दार करकरलं तरी थांबून “हे बेडकाला छान बसेल!” म्हणणारी बाई ती. ती मुकी अस्वलं काय काढणार, कपाळ! माझ्यासाठी तिने गोड आवाजाच्या एका बाईंकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं, “नमस्कार बालमित्रांनो! मी तुमचा गुबगुबीत मित्र!” इतकं गोड, की माझे दात शिवशिवले. दात दोनच आहेत, पण शिवशिवले.

तो आवाज एका डबीत आणि डबी माझ्या पोटात. डबीला एक लाल बटण. ते दाबून धरलं की जुना आवाज पुसला जातो आणि समोरचा नवा आत शिरतो. हे जरा लक्षात ठेवा.

मला शिवलं ते काकूंनी. काकूंचा एक नेम होता. पाठ शिवून टाकण्याआधी त्या पोट दाबून म्हणायच्या, “बोल रे सोन्या!” सोन्या नीट बोलला तरच शेवटचा टाका. वीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

माझ्या वेळी चुकला. मालक नातीला घेऊन तासभर आधीच खाली हजर, आणि वर माझी पाठ उघडी! ताई ओरडली, “काकू, आटपा! आणि पोट अजून भरा, गुबगुबीत म्हटलंय ना!” काकूंनी काठीने कापूस कोंबायला घेतला. काठीचं टोक नेमकं लाल बटणावर. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “अगं बाई, आणखी किती भरू? पोट बघ याचं! अगदी मालकांसारखं सुटलंय!” मग दोघी ज्या हसल्या म्हणता! काकूंचं हसणं म्हणजे आधी खिखिखि, मग नाकातून घुर्र, शेवटी उचकी. हसता हसताच त्यांनी शेवटचा टाका घातला. मला ऐकलंच नाही.

मला सगळं कळत होतं हो! पण सांगू कसा? पोट दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि दाबलं असतं तर मी तेच बोललो असतो.

आजोबा-नात वर आले. परीक्षकबाईंनी मला उचललं. दाबलं.

“अगं बाई, आणखी किती भरू? पोट बघ याचं! अगदी मालकांसारखं सुटलंय! खिखिखि... घुर्र... हिक्!”

खोलीत टाचणी पडल्याचा आवाज आला. काकूंच्याच हातातली होती. ताईने डोळे गच्च मिटले. मालकांनी श्वास रोखून पोट आत ओढलं. मी म्हटलं, संपलं, सातवा उसवला.

नातीने माझ्याकडे पाहिलं. मग आजोबांच्या पोटाकडे. मग मला पुन्हा दाबलं. पुन्हा! माझ्या सहा भावांच्या नशिबात हे नव्हतं. आणि पोरगी अशी खिदळली, अशी खिदळली, की जमिनीवर लोळायलाच लागली. “आजोबा, तुम्ही पण बोला!” म्हणत तिने मालकांच्या पोटात बोट खुपसलं. मालकांचा श्वास सुटला, पोट सुटलं आणि नाकातून आवाज आला, घुर्र! मग काय, अख्ख्या खोलीची मुरकुंडी वळली.

“साहेब, चुकलं माझं,” काकू डोळे पुसत म्हणाल्या.

“चुकलं कसलं? हे हसू मला प्रत्येक खेळण्यात हवंय.”

“आणि ते... पोटाचं?”

मालक खाकरले. “ते या एकातच राहू द्या.”

तसंच झालं. काकूंचं हसू पोटात घेऊन माझी हजारो भावंडं घरोघरी गेली. मी मालकांच्या टेबलावर बसलोय. मोठी माणसं गमतीची असतात. कामावरून वैतागले की मालक दार लावून, इकडे तिकडे बघून, हळूच माझं पोट दाबतात. ताई काही अडलं की येऊन दाबते. काकू मात्र आता येत नाहीत, गुडघे ऐकत नाहीत म्हणे. मला त्यांची फार आठवण येते.

हल्ली माझा सेल उतरलाय. काकूंचं खिखिखि जाड आणि संथ निघतं, अगदी खऱ्या पाणघोड्यासारखं. तेव्हा एक विनंती आहे. सेल बदलायला पाठ उसवाल, तर काकूंचा टाका हळू सोडवा, आणि लाल बटणाला हात लावू नका. काकू त्या बटणाखाली आहेत. चुकून दाबलं गेलंच, तर कृपा करून “हॅलो, हॅलो” म्हणू नका हो.

आधी पोट धरून हसा.