कार्डि, ओपल, मनरी

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी एका शब्दानं मला रडकुंडीला आणलं होतं: कार्डिओपल्मनरी. हृदय आणि फुप्फुसं, दोघांना मिळून एकच विशेषण. अर्थ कळायचा, जीभ वळायची नाही. आम्ही हिंदी मुलखातले मराठी: घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि मेली तोंडी परीक्षा मात्र इंग्रजीत!

मरोद्याच्या आमच्या क्वार्टरच्या अंगणात मी तो शब्द घोकत बसले होते. माझे बाबा, शामराव, रेल्वे यार्डात शंटिंगला होते. दिवसभर डबे जोडायचे आणि सोडवायचे. ड्यूटीवरून आले, सायकल भिंतीला टेकवली.

"कावून रडून राहिली व?"

"हा शब्द तोंडातून निघतच नाही, बाबा."

"मंग सारी गाडी एकदम कावून ओढून राहिली? एक-एक डबा जोड."

त्यांनी आपल्या मनानं तीन डबे पाडले: कार्डि, ओपल, मनरी. इंग्रजीच्या हिशेबानं साफ चूक. पण ते शिटी मारत अंगणभर फिरले, मी त्यांच्या मागे, आणि आई लाटणं हातात घेऊन दारात हसत उभी. परीक्षेत मी तसेच डबे जोडत तो शब्द म्हटला. सरांना हसू आवरेना, पण पास केलं. किती सुखाचे दिवस होते ते! आता आई नाही, क्वार्टरही सुटलं.

यंदा बाबांची बायपास झाली. पद्मनाभपूरच्या घरी मीच त्यांचा व्यायाम घेते. छाती श्वासानं नीट भरली नाही तर पुन्हा दवाखान्यात यावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि हा पेशंट महाहट्टी! शेवटी मी पैज लावली: तो शब्द एका दमात म्हणून दाखवायचा.

"कार्डि..." की धाप. रोज तेच. "इंजन गरम झालं, बाई," म्हणायचे. मी समोर हसायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायचे. भीती वाटायची, खरंच.

आज सकाळी व्हरांड्यात त्यांनी हात वर केला, गार्डानं झेंडी दाखवावी तसा. छाती भरली.

"कार्डिओपलमनरी!"

एका दमात. सगळा.

"जुळले ना डबे?"

लोकांना श्वास घ्यायला शिकवणारी मी, स्वयंपाकघरात जायचंही विसरले आणि तिथंच डोळे पुसू लागले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"कावून रडून राहिली व?"