उधाणाच्या दिवशी आलेला नवशा

मित्रांनो, माझ्या जवळ आलात तर नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी चिंचणीचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. सुक्या बोंबलाचा वास माझ्या अंगात इतका मुरला आहे की तो आता कशानेही जायचा नाही. मला त्याची लाज वाटत नाही.

जन्माने मी मुंबईचा. कारखान्यात माझ्या पोटात वनस्पती तूप भरले आणि अंगावर हिरवी झाडे छापली, तेव्हा मी फार तोऱ्यात असे. बोईसरच्या वाण्याकडे तूप संपले आणि तोराही संपला. रिकाम्या डब्याला कोण विचारतो? पण येसूबाईने मला विकत घेतले, पत्रेवाल्याकडून झाकण आणि कडी बसवून घेतली आणि घरी नेऊन राखेने लख्ख घासले. तिला मुलासाठी डबा हवा होता. साल होते १९६२.

मुलाचे नाव नवशा. आधीची तीन मुले दगावली आणि हा नवसाने झाला, म्हणून नवशा. त्याचा बाप गोमा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. नवशा सातवी पास झाला आणि सोळाव्या वर्षी नौदलात भरती व्हायचे म्हणू लागला. गोमाला ते रुचले नाही. समुद्रावरच जायचे तर घरची होडी काय वाईट, असा त्याचा सवाल होता. येसूबाईने मुलाची बाजू घेतली. होडी कुठे पळून जात नाही, पोराला चार गोष्टी शिकू दे, असे सांगून सांगून तिने नवऱ्याचा अंगठा कागदावर उठवला. मुलाला धाडले तिनेच, हे लक्षात ठेवा. पुढे ती ते कधी विसरली नाही.

शिक्षण दूर विशाखापट्टणमला, दोन वर्षांचे. नवशाचे पहिले पत्र आले ते असे, की कवायत जमते, पोहण्यात पहिला आलो, पण इंग्रजी डोक्यात शिरत नाही आणि जेवण घशाखाली उतरत नाही. येसूबाईला लिहिता येत नव्हते. तिने पत्राचे उत्तर माझ्या पोटात भरले. सोडे, भाजलेला जवळा, बोंबलाची लाल चटणी. मग मला मांजरपाटाच्या कापडात शिवले, शिवाजी पोस्टमनने त्यावर शाईने पत्ता घातला आणि मी बोईसरहून रेल्वेने निघालो.

तिथे माझे झाकण उघडले तेव्हा खोलीतली पंजाबी पोरे नाक दाबून पळाली. उस्तादांनी मला व्हरांड्यात ठेवण्याचा हुकूम दिला. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांतलाच एक उंचापुरा गडी माझ्या तळाची चटणी बोटाने पुसून खात होता. ज्या दिवशी इंग्रजीच्या तासाला बोलणी खावी लागत, त्या दिवशी नवशा मला मांडीवर घेऊन बसे. आत काही उरलेले नसे. तरी तो झाकण उघडी, वास घेई आणि पुन्हा लावी. आईचा हात पाठीवरून फिरावा, तसे त्याला वाटत असावे.

आता तुम्हांला आमच्या किनाऱ्याची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडची डोल जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येते, ओढ जोरात असते, तेव्हा सारे पुरुष होड्यांवर आणि बायका मासळी वाळवण्यात नि विकण्यात. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावते. त्याला म्हणतात भांग. भांगाला होड्या किनाऱ्याला लागतात आणि माणसे घरी येतात. बाळंतिणीला भेटायचे, सोयरीक ठरवायची, छप्पर शाकारायचे, सगळे भांगाला.

नवशाची पहिली सुट्टी नेमकी भांगाला आली. वर्षभराने दुसरी आली, तीही भांगाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरे काय! पण येसूबाईची खात्री पटली, की सरकारी जहाजेसुद्धा भांगालाच माणसांना घरी सोडतात. नवशा शिक्षण संपवून जहाजावर गेला, मलाही बरोबर घेऊन गेला. इकडे ती दर भांगाला कालवण रांधून दारात बसू लागली. दीड वर्ष तो आला नाही. तिने एकही भांग चुकवला नाही.

मग १९६६च्या जानेवारीत त्याने कार्ड धाडले. पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. शेजारच्या नलूकाकीने तो इतक्यांदा सांगितला, की मला पाठ झाला आहे. कार्डात लिहिले होते, की शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो, संध्याकाळी परत जातो, त्यानंतर बरेच महिने सुट्टी नाही, तेव्हा घरी राहा. शिवाजीने ते दोनदा वाचले. येसूबाईने बोटांवर तिथी मोजली. शुक्रवार म्हणजे ऐन अमावास्या.

ती हसून म्हणाली, “काय तरी चुकलं हाय, शिवाजी. उधानाला कोन घरी येते? तो भांगाला येल.”

शिवाजीने समजावले, की नौदल कॅलेंडरवर चालते, तिथीवर नाही. ती गोमाकडे वळली. चाळीस वर्षे समुद्रात काढलेला माणूस तो. त्यानेही तिच्याच बाजूने मान डोलावली, पोराने घाईत भलतीच तारीख लिहिली असेल म्हणाला आणि जाळी उचलून होडीवर गेला. शुक्रवारी मनोरचा बाजार होता. उधाणाची मासळी भरपूर होती. येसूबाई पहाटेच्या एसटीने सुक्या बोंबलाची पाटी घेऊन मनोरला गेली.

आणि नवशा आला. पांढराशुभ्र गणवेश, डोक्यावर टोपी, हातात मी. दाराला बाहेरून कडी होती. नलूकाकी धावत आली आणि तिने आधी तेच विचारले, उधानाला कसा आलास म्हणून.

तो म्हणाला, “आमच्या जहाजाला भांग नसतो, काकी.”

आई मनोरच्या बाजाराला आणि बाप होडीवर, हे तिनेच त्याला सांगितले. मनोरला जावे तर वाटेतच चुकामूक व्हायची आणि संध्याकाळची गाडी हुकली तर जहाज हुकायचे. तो थांबला. ओट्यावर बसला, उठला, एसटीच्या रस्त्यापर्यंत जाऊन आला. अंगणात ओल्या बोंबलाची एक पाटी पडून होती, आईला वाळत घालायला वेळ मिळाला नव्हता. त्याने बाह्या दुमडल्या आणि जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने सगळे बोंबील काठीवर टांगले. गणवेशावर डाग पडले, ते धुऊन तो उन्हात उभा राहिला. दुपारी भूक लागली तेव्हा आत जाऊन टोपातला सकाळचा भात खाल्ला. चार वाजता त्याने माझ्यात एक टॉवेल, साबणाच्या चार वड्या आणि बापासाठी लोकरीचा बनियन ठेवला, मला चुलीजवळ ठेवले आणि तो निघाला. दारातून दोनदा मागे वळून पाहिले. मी पत्र्याचा, मला हाक मारता येत नाही. त्या दिवसाइतके मला ते कधी बोचले नाही.

येसूबाई दिवेलागणीला आली. बाजार चांगला झाला होता. येत्या भांगाला नवशा येईल म्हणून तिने त्याच्या चटणीसाठी लाल मिरच्या आणल्या होत्या. टांगलेले बोंबील तिने अंगणातूनच पाहिले आणि ती जागच्या जागी थांबली. मग आत येऊन तिने मला पाहिले, रिकामा टोप पाहिला. नलूकाकीने सगळे सांगितले. मिरच्या तिच्या ओच्यातच राहिल्या.

मे महिन्यात तार आली. वादळात डेकवर काम करताना लाटेने नवशाला ओढून नेले होते. शोध घेतला, पण तो सापडला नाही. शिवाजीने तार वाचली आणि सायकल धरून तो बराच वेळ अंगणातच उभा राहिला. गोमा किनाऱ्यावर गेला आणि समुद्राकडे पाठ करून वाळूत बसला. येसूबाई रडली नाही. लोक भेटायला येत, कुणी धीराचे दोन शब्द बोले, कुणी देशासाठी गेला म्हणे. ती सगळ्यांना एकच सांगे.

“मासळीच्या घरात माजा पोरगा कोरडा भात खाऊन गेला.”

त्यानंतर तिने उधाणाला घर सोडले नाही. ऐन कमाईचे दिवस, गावातल्या बायका पाट्या भरून बाजाराला जात आणि ही चुलीवर कालवण ठेवून ओट्यावर बसे. तारापूरला विजेच्या मोठ्या केंद्राचे काम चालले होते, तिथे लागलेली गावची पोरे रोज संध्याकाळी घरी परतताना दिसत. ती प्रत्येकाकडे पाही. नलूकाकी समजवायची, रागवायची, शेवटी तीही शेजारी येऊन बसू लागली. माझ्यात पुन्हा कुणी चटणी भरली नाही. मला मात्र ती दर अमावास्येला राखेने घासत असे, ती गेली तोपर्यंत.

मित्रांनो, आता माझा तळ गंजून गळला आहे. असल्या आत्मकथा सांगणाऱ्या वस्तूंनी शेवटी आमची निगा राखा म्हणायचे असते. मी तसे म्हणत नाही, मला खुशाल भंगारात घाला. येसूबाई अडाणी नव्हती. तिला समुद्र कळत होता, आणि त्या एका दिवशी तिने मुलाच्या शब्दापेक्षा त्या कळण्यावर जास्त विश्वास ठेवला. तुमचे कुणी दूर असेल आणि अमुक दिवशी येतो म्हणून त्याने कळवले, तर तुमची सगळी गणिते त्याला खोटे म्हणोत, त्याचे खरे माना. त्या दिवशी घरी राहा. आणि भाताबरोबर कालवण करून ठेवा.