गुरुवारची झोप

चाकणच्या कंपनीत काम करणाऱ्याचा रविवार गुरुवारी येतो. त्या दिवशी मशिनी बंद असतात, भोसरीपासून तळवड्यापर्यंत माणसं घरी असतात, आणि जगातले बाकीचे सगळे कामावर असतात. पण ज्याला ज्योतीराम सुपरवायझरचा फोन येतो, त्याचा गुरुवारही बुधवारच होतो. "भीमराज, ये ना रे, माल अडलाय." आणि भीमराज जायचा. कंत्राटी माणसाने नाही म्हणायला शिकू नये, हे जुन्या लोकांनी त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. शहाण्या विद्यार्थ्यासारखं त्याने ते पाठ करून टाकलं.

एक आठवडा पहिली शिफ्ट, एक दुसरी, मग रात्रपाळी. झोप कधी गेली ते कळलंच नाही. दिघीच्या घरात अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. डोळा लागलाच, तर त्याचा उजवा तळवा गादी दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा.

"झोपेत पण ओव्हरटाइम करताय का?" बायको, कस्तुरा, विचारायची.

तो पॉवर प्रेसवर, पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, होता. दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची. हात बटणांवर असले की वरून येणाऱ्या साच्याखाली, डायखाली, सापडत नाहीत, अशी ती साधी अक्कल. पण टार्गेटपुढे अक्कल किती दिवस टिकणार? सगळेच एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचे. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण. काम झपाट्याने निघायचं, आणि सुपरवायझरला त्या वेळी नेमकं दुसरीकडे बघायचं असायचं. सेफ्टी सप्ताहात एक बाई आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, खांदे सैल सोडायला सांगितले, मन आणि शरीर दोन्हींना विश्रांती हवी असते म्हणाल्या. अर्धी लाइन तिथेच घोरायला लागली. बाई गेल्या आणि टार्गेट तेवढंच राहिलं.

मग तो मंगळवार आला. डावा हात पत्र्यावर असताना भीमराजला डुलकी लागली. उजव्याला झोपेत बटण दाबायची सवय होतीच. त्याने दाबलं.

"भावा, हात!" शेजारच्या मशीनवरचा मन्सूर ओरडला. भीमराजने हात ओढला. हातमोज्याची टोकं मात्र डायखालीच राहिली. बोटांवरचं हातमोज्यावर निभावलं.

येताना कंपनीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं लावून ढाराढूर झोपला. रोजचंच होतं ते. बसमध्ये तेवढी झोप यायची.

"घरी पंख्याखाली जागा असतोस आणि इथं कुंभकर्ण," त्याला हलवत मन्सूर म्हणाला. "एक काम कर राव, घर विकून बस घे."

घरी त्याने काही सांगितलं नाही. पण डबा काढायला कस्तुराने पिशवीत हात घातला आणि तो हातमोजा तिच्या हाताला लागला. तिने त्याचा डावा हात ओढून घेतला आणि एकेक बोट दाबून बघितलं, भाजीवाल्याकडे भेंडी बघावी तसं.

"पुढच्या वेळी नुसता हातमोजा जायचा न्हाई," ती म्हणाली. "तुमाला झोप कुठं लागंल, ते सांगा."

त्याने तिला हसवायचं म्हणून मन्सूरची बसची थट्टा सांगितली. ती हसली नाही.

गुरुवारी सकाळी तिने कपडे बादलीत भिजवले आणि तसेच ठेवले. ती तळवड्याला एका लहान युनिटमध्ये पॅकिंगला होती. तिचीही सुट्टी गुरुवारचीच. सुट्टी म्हणजे धुणं, दळण, फरशी, आठवडाभर तुंबलेलं सगळं. त्या बादलीकडे पाठ फिरवून तिने साडी बदलली.

"चला, बसायला जाऊ."

"कुठं?"

"बसमध्ये."

लोक सहलीला जातात, हे दोघं झोपायला निघाले. भोसरीला डांगे चौकाकडे जाणारी बस मिळाली, मागची सीटही मिळाली. कस्तुरा खिडकीशी बसली. "तुमी झोपा. मी हाय जागी," ती म्हणाली. पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली, पहाऱ्यावर बसल्यासारखी.

नाशिक फाट्याच्या आधीच तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं.

भीमराज बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि त्याने हिला झोपलेलं असं पाहिलंच नव्हतं. तो उठायच्या आधी ती उठलेली असायची, तो पडल्यावर तिची भांडी वाजत असायची. तिचं तोंड किंचित उघडं होतं. डोळ्यांखाली काळं साचलं होतं. आपल्या झोपेची घरभर चर्चा झाली, हिच्या झोपेबद्दल आपण एकदाही विचारलं नाही. त्याला आतून लाज वाटली, आणि मग फार माया आली.

बस वळली आणि ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर आलं. त्याने उजवा हात वर करून सावली धरली. डावा तिच्या पाठीमागे अडकला होता.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. गुरुवारी, या वेळेला, कुणाचा असणार ते बघायची गरज नव्हती. उचलायचा तर एक हात काढावा लागणार. कुठला काढायचा? फोन वाजून थांबला. परत वाजला.

"काका, फोन वाजतोय तुमचा," कंडक्टर म्हणाला.

"वाजू द्या," भीमराज हळू आवाजात म्हणाला. "झोपलीय ती."

उद्या ज्योतीराम काय म्हणेल ते म्हणेल. उद्या ती चिकटपट्टीही ओढून काढायची. त्याचे दोन्ही हात अडकलेले होते आणि आज वरून काहीच खाली येणार नव्हतं. वरचा हात भरून आला, जड झाला. फोन कधी थांबला ते त्याला कळलं नाही. डोळे मिटत गेले तसा तो हात हळूहळू खाली आला आणि कस्तुराच्या केसांवर टेकला. त्या हाताने काही दाबलं नाही. तो तिथेच राहिला.