गोळीची चित्रं

डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या आणि समोर बसलेला निवृत्त फिटर त्यांच्याच चिठ्ठीच्या पाठीवर त्यांचं नाक काढत होता. नाक जमलंही होतं.

"बघा, हेच," त्या म्हणाल्या. "कंपवाताच्या गोळीने हाताची थरथर थांबली, पण हा नाद लागला. मेंदूत एक रसायन वाढतं. कुणी जुगार खेळतं, तुम्ही चित्रं काढता."

"म्हणजे चित्रं मी नाही काढत?"

"इच्छा गोळीची आहे, काका. तुमची नाही."

शेजारी बसलेल्या बायकोने जोरात मान डोलावली. दोन महिने हा माणूस धड जेवत नव्हता, झोपत नव्हता. घरभर कागदच कागद. जन्मभर पाइपांना आटे पाडणाऱ्याला साठी उलटल्यावर ही कुठली अवदसा आठवली, असं ती येईल-जाईल त्याला सांगे. गोळी बदलायचं ठरलं.

घरी परतताना फिटर बायकोच्या चार पावलं पुढे तरातरा चालत होता. जुगाऱ्यांच्या पंगतीला बसवलं, त्याचं त्याला एवढं काही वाटलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं सापडलं होतं, आणि तेही गोळीचं निघालं! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

नवी गोळी गुणाची निघाली. महिनाभरात झोप आली, भूक आली, नाद उतरला. पेन्सिल दिसली तरी मनात काही हलेना. हाताची थरथर मात्र थोडी परतली. बायकोने कागद बांधून माळ्यावर टाकले.

मग एका सकाळी ती मटार सोलत असताना तो कोरा कागद घेऊन समोर बसला.

"पुन्हा हुक्की आली?" तिने धसकून विचारलं.

"छे. काडीची इच्छा नाही. कंटाळाच आलाय."

"मग कशाला जिवाला त्रास?"

"इच्छा गोळीची होती ना? नेली त्यांनी परत. आता बसलोय तो मी."

पहिली रेघ वाकडी गेली. त्याने ती खोडली नाही, शेजारी दुसरी ओढली. तीही वाकडी. चित्र भिकार होणार हे दोघांनाही दिसत होतं. पण दात आवळून तो रेघा ओढत राहिला. गंजलेला नट सोडवताना तो असाच दिसायचा.

"हलू नकोस," थरथरत्या हाताने कागद दाबत तो तिच्यावर डाफरला.

एरवी तिने त्याची चांगलीच फिरकी घेतली असती. पण अर्धवट सोललेली शेंग बोटांत धरून ती तशीच बसून राहिली.