पंधरा नंबरची खुर्ची

आमचा क्युबेकचा आइस हॉकीचा संघ मालकाने अमेरिकेला विकला, त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात स्टेडियमही पाडायला घेतलं आणि खुर्च्या विकायला काढल्या. एकाच लोखंडी पट्टीवर ठोकलेल्या, म्हणून जोडीनंच घ्यायच्या. माझी चौदा नंबर, शेजारची पंधरा. दोन्ही आणून तळघरात ठेवल्या.

“पपा, एका बुडाला दोन खुर्च्या?” माझी मुलगी जोझे हसली.

“पंधरा नंबर ओडिलाँची आहे.”

“मग बोलवा की त्यांना!”

कुठून बोलवू, कपाळ माझं! अठरा हिवाळे आम्ही मांडीला मांडी लावून बसलो, गोल झाला की मिठ्या मारल्या, पंचाला एका सुरात शिव्या घातल्या. पण त्याचं आडनाव मी कधी विचारलं नाही. पुढच्या सामन्याला तो तिथेच भेटणार होता, मग विचारायचं कशाला?

आता जुन्या सामन्यांच्या टेपा लावून मी एकटाच चौदा नंबरवर बसतो. मध्यंतर झालं की ओडिलाँ बिअर आणायला उठायचा. त्याला जायला वाट हवी म्हणून मी अजूनही गुडघे आत घेतो.