पुलापर्यंतचं स्वप्न

मित्रांनो, औषधं पोहोचवणारी एखादी सायकल चढावरून अलगद, दम न लागता जाताना दिसली की तुम्ही सायकलीचं कौतुक करता. पुढच्या वेळी जरा सीटच्या खाली बघा. तिथे जो काळा, जाडजूड डबा असतो ना, त्याच जातीची मी. मी एक जुनी बॅटरी आहे. माझे कोपरे झिजले आहेत, मूठ सैल झाली आहे, पण आठवणी शाबूत आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात छोटी छोटी नळकांडी ओळीने बसवली, तारांनी जोडली आणि वर झाकण लावलं. मग कुणीतरी मला पहिल्यांदा वीज दिली आणि मला पहिलं स्वप्न पडलं.

हे स्वप्नाचं तुम्हाला सांगायलाच हवं. चार्जिंगला लावलं की मला गुंगी येते आणि स्वप्नात रस्ता दिसू लागतो. वीज भरत जाते तसा तो रस्ता लांबत जातो. जेवढा रस्ता स्वप्नात पाहिला, तेवढाच मला जागेपणी चालता येतो. माणसांना हे पटत नाही. न पटो बापडं.

एका औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या ताईने मला सायकलीसकट घरी आणलं. सायकल खाली जिन्यापाशी राहायची आणि ताई मला मात्र कडेवर घेऊन वर न्यायची. मी काही हलकी नाही, पण तिने कधी कुरकुर केली नाही. खिडकीजवळ एक झाकून ठेवलेलं शिलाई मशीन होतं. त्याच्या शेजारी माझी जागा. तिथे पडल्या पडल्या मी स्वप्नात निघायचे. दुकान, बाजार, शाळेची लांब भिंत, मग नदीवरचा पूल. पुलावर वारा असायचा. पुलापलीकडे दम्याच्या आजी दारात खुर्ची टाकून आमची वाट बघत असायच्या. त्या मला थोपटून म्हणायच्या, "आलीस का गं बाई?" लोक ताईला शाबासकी देत, आजी मला देत. मला त्यांचा फार लळा होता.

पुढे ताईला सकाळच्या फेरीबरोबर संध्याकाळचीही फेरी मिळाली. दुपारी ती दमून झोपायची. म्हणून माझ्याकडे लक्ष ठेवायचं काम तिच्या बाबांनी अंगावर घेतलं. बाबा शिंपी होते. ताईची आई गेली तेव्हा त्यांनी मशीन झाकून ठेवलं ते कायमचंच. विचारलं की म्हणत, "हात थरथरतात आता." मला उचलताना मात्र त्यांचा हात कधी थरथरला नाही.

"चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला की लगेच काढा हं, बाबा," ताईने बजावलं होतं. "उगाच तापायला नको."

"त्यात काय एवढं? तू नीज," बाबा म्हणाले.

आणि त्या दिवसापासून माझी स्वप्नं मोडू लागली. बाजार दिसायचा, भिंत दिसायची, पुलाचा पहिला खांब दिसायचा आणि खटकन जाग यायची. बाबांनी प्लग काढलेला असायचा. आजींचं दार मला दिसेनासंच झालं. ताई कशीबशी पायडल मारून, जीव मेटाकुटीला आणून पुढचा रस्ता ओढायची.

एका संध्याकाळी मी पुलाच्या मधोमध पूर्ण संपले. त्यात वारा समोरून होता. ताईने सायकल ढकलत नेली. आजी दाराची चौकट धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. औषध मिळालं, पण त्यांना बोलता येईपर्यंत बराच वेळ गेला. त्या दिवशी त्यांनी मला थोपटलं नाही. मित्रांनो, मला फार फार वाईट वाटलं.

दुकानाच्या मालकांनी ताईला स्पष्ट सांगितलं, "पुन्हा असं झालं तर पुलापलीकडची फेरी मी दुसऱ्या कुणाला देईन. जिवाशी खेळ नको."

ताई मला सायकलवाल्याकडे घेऊन गेली. "म्हातारी झाली वाटतं ही," ती म्हणाली. मी आतल्या आत गोठले. सायकलवाल्याने मला तपासलं आणि तो हसला. "अहो, ठणठणीत आहे की! तुम्ही हिला रोज अर्धपोटी पाठवता, ती काय करणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई नुसती डोळे मिटून पडली. बाबा चार्जरपाशी बसले. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझ्या अंगावर तळवा ठेवून तापलं आहे का ते बघितलं. मग धीर सुटल्यासारखं करून त्यांनी प्लग उपसला.

"बाबा, अजून तर..." ताई उठून बसली. चार्जरचा दिवा विझता विझता तिने पाहिला होता. तो लालच होता.

"हिरवा झाला होता," बाबा घाईने म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली.

ताई झाकलेल्या मशीनकडे बघत राहिली. तिची आई रोज बाबांच्या शेजारी बसून एकेक रीळ त्यांच्या हातात द्यायची. किती हौस आईला, असं सगळे म्हणत. आई गेली आणि रीळ हातात देणारं कुणी उरलं नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तिने साधाच ठेवला.

"बाबा, या दिव्याचा काही भरवसा नाही हो. त्याच्याकडे बघूच नका. चार्जरमध्ये पंखा घुमतो, तो ऐका. पोट भरलं की तो आपोआप थांबतो."

बाबा म्हणाले, "आवाज मला कळतो. सुई बोथट झाली की मी आवाजावरूनच ओळखायचो."

त्यांनी प्लग पुन्हा लावला आणि कान देऊन बसले. मी निघाले. बाजार, भिंत, पहिला खांब, मधला खांब, वारा... आणि पूल संपला. आजींची रिकामी खुर्ची दिसली, मग आजीही दिसल्या. तेव्हा कुठे पंखा थांबला. त्या संध्याकाळी आजींनी मला दोनदा थोपटलं.

मित्रांनो, पुढे मी खरोखरच म्हातारी झाले. सायकलीला आता नवी बॅटरी आहे. बाबा तिचाही पंखा ऐकतात. सायकलवाल्याने माझ्यावर एक छोटा दिवा जोडून दिला आहे आणि मी तो शिलाई मशीनवर धरते. हो, मशीन पुन्हा उघडलं आहे. एवढंच सांगते, कुणी रोज अर्ध्या वाटेत थांबत असेल, तर त्याला टाकून देण्याआधी त्याच्या शेजारी जरा बसा. त्याचं काय अडलं आहे ते बघा.

मशीन उघडल्यावर बाबांनी सगळ्यात आधी नव्या बॅटरीसाठी कापडी पिशवी शिवायला घेतली. रिळांचा डबा समोर ओढला, थोडा वेळ त्यात बोटं फिरवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच लेकीला मोकळेपणाने विचारलं, "बाळा, यातलं हिरवं कोणतं गं?"